वाल्वचा रेडिओ : शोकेसमध्ये ठेवायचा की रोज लावायचा?

गेल्या आठवड्यात सांगलीहून माझ्या कॉलेजच्या मैत्रिणीचा फोन आला. "अगं, मामंजींचा जुना रेडिओ माळ्यावर सापडलाय. घराचं काम चालू आहे ना, तर इंटिरियरवाला म्हणतो आतलं सगळं काढून टाकू, ब्लूटूथ बसवू आणि हॉलमध्ये शोभेला ठेवू. सूनही हो म्हणतेय. तू तुझा रोज लावतेस ना? खरं सांग, ऐकण्यासारखं काही लागतं का त्यावर?"

फोनवर मी तिला दोनच गोष्टी सांगितल्या. आतलं काही काढू देऊ नकोस, आणि उत्साहाच्या भरात प्लगही लावू नकोस. बाकीचं लिहून पाठवते म्हटलं, ते हे. तिच्यासारखे माळे इतरही बऱ्याच जणींच्या घरी असतील, म्हणून इथेच लिहिते.

आमचा रेडिओ मर्फीचा आहे, ठाण्याच्या कारखान्यातला. मामंजींनी १९६२ साली हप्त्यांनी घेतला. पावती अजून लायसनच्या पुस्तकात जपून ठेवलेली आहे, ३८५ रुपयांची. त्यांचा पगार तेव्हा दोनशेच्या आत होता, म्हणजे दोन महिन्यांची कमाई एका लाकडी पेटीत गेली. शिवाय दर वर्षी पोस्टात जाऊन पंधरा रुपये भरून त्या पुस्तकात तिकीट लावून घ्यायचं. रेडिओ ऐकायला सरकारचा परवाना लागायचा हे नातवंडांना सांगितलं की ती हसतात. मी लग्न होऊन डोंबिवलीला आले तेव्हा घरात ट्रान्झिस्टर होता आणि पाठोपाठ टीव्हीही आला. मोठा रेडिओ क्रोशाच्या रुमालाखाली गेला आणि त्यावर फुलदाणी आली. पुढे माळ्यावर.

आमची चूक आधी सांगते. दहाएक वर्षांपूर्वी आम्ही तो खाली काढला, पुसला आणि सरळ प्लग लावला. अर्ध्या मिनिटाने आतला दिवा लागला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग घूंऽऽ असा आवाज, मग मेण जळल्यासारखा वास आणि मागच्या भोकांतून धूर. यजमानांनी वायर ओढून काढली म्हणून थोडक्यात निभावलं.

पुढे स्टेशनजवळच्या एका वयस्कर मेकॅनिककाकांनी समजावून सांगितलं ते असं. या सेटमध्ये मेणात बुडवलेले कागदाचे कंडेन्सर असतात. पन्नास-साठ वर्षांत ते दमट होतात आणि जी वीज अडवायची तीच गळू देतात. त्यातला एक शेवटच्या मोठ्या वाल्वच्या आधी असतो. तो गळला की वाल्व मर्यादेबाहेर वीज खेचतो, तापतो आणि जाताना आउटपुट ट्रान्सफॉर्मरलाही घेऊन जातो. वीज गाळणारे मोठे कंडेन्सरही इतकी वर्षं पडून सुकलेले असतात. म्हणून आधी मागचं झाकण काढायचं, जुन्या रबरी वायरी बघायच्या, हे कंडेन्सर बदलायचे आणि मगच वीज द्यायची. तीही पहिल्यांदा सिरीजमध्ये जुना तारेचा बल्ब लावून. आत काही शॉर्ट असलं तर बल्ब लख्ख पेटतो आणि रेडिओ वाचतो.

सगळा खर्च २,८०० रुपये आला. कंडेन्सर किरकोळ, मजुरी जास्त, आणि ती योग्यच होती. वाल्व एकही बदलावा लागला नाही. त्यातल्या दोनांवर बंगलोरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचा छाप आहे. ईएल ८४ जातीचा एक जादाचा वाल्व मी कापसात गुंडाळून देवघराखालच्या खणात ठेवला आहे.

आता रोजच्या खर्चाचा हिशेब. बी.कॉम. झालेली बाई आहे, हिशेबाशिवाय मत देणार नाही. आमचा सेट साधारण ४५ वॅट घेतो. दिवसाला तीन तास धरले तर महिन्याला चार युनिट, दहा रुपये युनिट पकडा, झाले चाळीस रुपये. खिशातला ट्रान्झिस्टर याच्या पासंगालाही पुरणार नाही इतकी कमी वीज घेतो, हे मान्य. त्यामुळे वीज वाचवायला वाल्वचा रेडिओ लावा असं मी म्हणणार नाही. पण चाळीस रुपये परवडत नाहीत असंही कोणी म्हणू नये. घरातला वायफायचा डबा चोवीस तास चालू असतो, त्याचा हिशेब कोणी मागत नाही.

मग लावायचा कशासाठी? "वाल्वच्या आवाजाची गोडीच वेगळी" हे तुम्हीही ऐकलं असेल. मला त्यात अर्धंच तथ्य दिसतं. आवाज भरदार लागतो त्याचं बरंचसं श्रेय लाकडी पेटीला आणि आतल्या मोठ्या स्पीकरला आहे. मिडियम वेव्हवर वरच्या पट्टीतले सूर मुळातच छाटले जातात, त्यामुळे कानाला काही टोचत नाही, आणि त्यालाच लोक गोडी म्हणतात. सतारीची झणझण ऐकायची असेल तर नातवाचा हेडफोन बरा. बोलणं मात्र या रेडिओवर फार स्वच्छ येतं. बातम्या, भाषण, नाटुकलं, माणसाचा आवाज खोलीत बसून बोलल्यासारखा.

आणि इथे माझ्या सासूबाई येतात. वय ८९. डोळ्यांना फार थोडं दिसतं. टीव्हीच्या रिमोटवर पन्नास बटणं, सगळी हाताला सारखीच. फोनच्या काचेवर तर बोटाला काहीच लागत नाही, कुठे काय दाबलं ते कळत नाही. घरात गाणी ऐकायची चार साधनं होती आणि त्यांना प्रत्येक वेळी कोणाला तरी हाक मारावी लागायची. एकदा म्हणाल्या, "हाक मारायची लाज वाटते गं, म्हणून नुसती बसते." मला ते लागलं.

या रेडिओला मोठी बटणं आहेत. डावं फिरवलं की टक् होऊन सुरू, पुढे फिरवत गेलं की मोठा. उजवं स्टेशनचं. ते पार एका टोकाला नेऊन किंचित मागे आणायचं, की मुंबईची अस्मिता वाहिनी. याचाही हिशेब आहे. अस्मिता लागते ५५८ किलोहर्ट्झवर, आणि जुन्या तबकडीवर आकडे असतात मीटरचे. तीन लाखाला किलोहर्ट्झने भागलं की मीटर येतात, म्हणजे ५३८. आमची तबकडी ५५० ला संपते. त्यामुळे स्टेशन अगदी कडेला येतं आणि न दिसणाऱ्या माणसालाही सापडतं. सासूबाईंना पहिल्या दिवशी दाखवलं, दुसऱ्या दिवसापासून त्या स्वतः लावतात. वाल्व तापायला अर्धा मिनिट लागतं, तेवढ्यात त्यांची माळेची दहा जपं होतात. मग हळूहळू आवाज वर येतो. "उठला," असं म्हणतात त्या.

सकाळच्या बातम्या त्यांच्यामुळे सगळं घर ऐकतं. मी पोळ्या लाटताना, यजमान दाढी करताना. प्रत्येकाच्या कानात वेगळं काही चाललेलं नसतं. एकाच बातमीवर तिघांची तीन मतं होतात आणि चहा निवतो. 'कामगार सभा' आणि 'वनिता मंडळ' ऐकत वाढलेल्या बाईला याचं नवल नाही, पण मुलगा सुट्टीला आला की त्यालाही दोन दिवसांनी ही सवय लागते, हे मी पाहिलं आहे.

संध्याकाळ तर खास या रेडिओचीच. आमच्याकडे सूर्यास्ताच्या आत जेवणं उरकतात, सातच्या सुमाराला ओटा आवरून मी मोकळी असते. नेमकी तीच वेळ मिडियम वेव्हची. दिवसा सूर्याच्या उन्हाने वातावरणाचा वरचा एक थर या लहरी शोषून घेतो, म्हणून जवळचीच स्टेशनं लागतात. दिवस मावळला की तो थर विरतो आणि लहरी आणखी वरून परावर्तित होऊन लांबवर पोचतात. गुजराती, कानडी, कधी कुठलं ते कळतही नाही असं स्टेशन येतं, जातं, पुन्हा येतं. हिरवा डोळा मिटला की स्टेशन नीट धरलं गेलं असं समजायचं. सासूबाईंना तो दिसत नाही, नातीला त्याचंच वेड.

त्रासही सांगते, नाहीतर तुम्ही मलाच नावं ठेवाल. एलईडीचे दिवे, मोबाइलचे चार्जर, इन्व्हर्टर यांची खरखर या रेडिओवर भयंकर येते. आमच्या हॉलमधली एक पट्टी लावली की बातम्याच ऐकू येत नव्हत्या. ती बदलली, चार्जर दुसऱ्या खोलीत नेला आणि खिडकीबाहेर वीसेक फूट तांब्याची तार बांधली. पूर्वी घरात भिंतीला जाळीची एरियल ताणलेली असायची, आठवते? सिमेंटच्या बिल्डिंगमध्ये ती पुरत नाही. वळवाच्या पावसात विजा चमकू लागल्या की बाहेरची तार आधी काढायची, हे माझं काम.

आणखी एक काम आमच्या घरचं. मागून उबदार, अंधारी पेटी म्हणजे पाली आणि झुरळांना आवडती जागा. सुरू करण्याआधी मी बॅटरीचा उजेड टाकून बघते आणि पेटीवर दोन टिचक्या मारते. आत कोणी असलं तर निघून जाऊ दे. मागे बारीक जाळीही लावून घेतली, पण हवा खेळायची भोकं बुजवली नाहीत. ती बुजली तर ट्रान्सफॉर्मर जळायचा.

आता मैत्रिणीच्या मूळ प्रश्नाकडे. अगं, ब्लूटूथचा डबा हजार-दीड हजारात मिळतो, तो टेबलावर ठेव आणि हवी ती गाणी ऐक. त्यासाठी चालू शकणाऱ्या वस्तूची आतडी कशाला काढायची? एकदा चॅसी भंगारात गेली की ती परत बनणार नाही. आणि ज्यांच्याकडे असे तीस-चाळीस सेट काचेच्या कपाटात ओळीने उभे आहेत त्यांच्याशीही माझं जमत नाही. मला तो साठाच वाटतो. आपल्याकडे जास्तीच्या साठ्याला काय म्हणतात ते मी सांगायला नको. शिवाय न वापरता ठेवलेला सेटच लवकर बिघडतो. पावसाळ्यात रोज तास-दोन तास तापला तर आतली दमट सुकते, बुरशी धरत नाही. आमच्या सेटला गेल्या दहा वर्षांत दुरुस्तीला दोनदाच न्यावं लागलं.

एक भीती मात्र खरी आहे. आकाशवाणीचे बरेच मिडियम वेव्ह ट्रान्समीटर बंद झाले आहेत, कार्यक्रम एफएमकडे आणि फोनकडे गेले आहेत. आमच्या या सेटवर एफएम लागत नाही. उद्या कडेचं ते स्टेशनही गेलं तर सासूबाईंचा उजवा हात कशावर थांबेल? यावर माझ्याकडे पुरं उत्तर नाही. अर्धं आहे. जुन्या सेटच्या मागे ग्रामोफोन जोडायला दोन भोकं असतात, तिथून फोनचा आवाज देता येतो. आम्ही तसं करून पाहिलं, छान येतो. पण पुन्हा फोन लावून द्यायला कोणीतरी लागतंच.

आणि हे करण्याआधी, बाई, तुझा सेट एसी आहे की एसी-डीसी ते नक्की बघ. पूर्वी काही ठिकाणी डीसी वीज असायची म्हणून दोन्हींवर चालणारे सेट मिळायचे. त्यात मुख्य ट्रान्सफॉर्मर नसतो, आतल्या लोखंडी चॅसीवरच थेट घरातली वीज येऊ शकते. त्याच्या मागे फोन जोडणं म्हणजे जिवाशी खेळ. बटणाची टोपी निघालेली असली तर उघड्या दांडीलाही हात लावायचा नाही. मागच्या कागदावर लिहिलेलं असतं, किंवा वाल्ववर बघ. 'ई'ने सुरू होणारे असले तर बहुधा एसी, 'यू'ने सुरू होणारे असले तर एसी-डीसी. तसे निघाले तर फोन जोडायचा विचार सोडून दे, नुसती आकाशवाणी ऐक, आणि घरातल्या लहान मुलांना मागे जाऊ देऊ नकोस.

मैत्रिणीने काल रात्री मागच्या कागदाचा फोटो पाठवला आहे. अक्षरं पुसट आहेत, पण 'ए.सी. ओन्ली' वाचता येतंय. इंटिरियरवाल्याला तिने पंधरा दिवस थांबायला सांगितलंय. तिच्याकडच्या कोणी जुन्या मेकॅनिकचा पत्ता लागला तर ठीक, नाहीतर पुढच्या महिन्यात लग्नाला येताना गाडीत घालून आण म्हटलंय. मागच्या सीटवर, उशी लावून, आणि वाल्व काढून वेगळ्या डब्यात. कुठला वाल्व कुठल्या खाचेतला ते काढण्याआधी कागदावर लिहून ठेव म्हणजे झालं.