शुगर दोघांना, लस एकीलाच




गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये आपले व्हॅनवाले भैय्या अठरा दिवस आले नव्हते, हे पालकांना आठवत असेल. त्यांना फ्लू झाला होता. शुगर आधीपासून होतीच, तापात ती फार वाढली, न्यूमोनिया झाला आणि आठ दिवस दवाखान्यात राहावे लागले. परत आल्यावर मी विचारले, "भैय्या, फ्लूची लस घेतली नव्हती का?" ते म्हणाले, "मॅडम, हमको तो किसी ने बताया ही नहीं." हे मी त्यांना विचारूनच लिहीत आहे.

शुगर मलाही आहे. दरवर्षी पावसाळ्याआधी माझे डॉक्टर आठवण करून देतात आणि मी लस घेते. भैय्यांच्या गोळ्या चालू आहेत, हे मला ठाऊक होते. रोज सकाळी फाटकाशी आमचा नमस्कार होतो. तरी एवढी साधी गोष्ट मी त्यांना कधी सांगितली नाही. ती खंत मनात आहे, म्हणून हा लेख.

माझे सारे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. हिंदीत 'जुकाम', मराठीत 'पडसे'. दोन्ही शब्द इतके घरगुती आहेत की भीती वाटतच नाही. पण फ्लू म्हणजे पडसे नव्हे. २०१५ साली स्वाइन फ्लूने आपल्या देशात जवळजवळ तीन हजार माणसे गेली. मधुमेहात शरीराची प्रतिकारशक्ती कमी पडते आणि तापात शुगर आणखी चढते, म्हणून अशा माणसाला धोका जास्त. फ्लूचा विषाणू सारखे रूप बदलतो, म्हणून लस दरवर्षी घ्यावी लागते. तिने फ्लू मुळीच होणार नाही असे नाही, पण आजार गंभीर होण्याचा धोका कमी होतो. टोचायच्या लसीत जिवंत विषाणू नसतो, त्यामुळे लसीनेच फ्लू होतो ही समजूत चुकीची आहे.

आयसीएमआरच्या २०२३ च्या अहवालानुसार भारतात दहा कोटींहून अधिक मधुमेही आहेत. आणि २०१७-१८ च्या देशव्यापी पाहणीत ४५ वर्षांवरील शंभर माणसांत फ्लूची लस घेतलेली दोनसुद्धा निघाली नाहीत. ही जी थोडी माणसे लस घेतात, ती कोण? बहुतेक माझ्यासारखी. ज्यांचा डॉक्टर ठरलेला आहे, ज्यांना पंधराशे-दोन हजार रुपये देता येतात आणि हात दुखला तर एक दिवसाची रजा मिळते. भैय्यांची एक दिवसाची रजा म्हणजे एक दिवसाची कमाई गेली.

कोणी म्हणेल, हे काम सरकारचे आहे. मान्य. महाराष्ट्र सरकारने २०१५ साली गरोदर स्त्रिया, मधुमेही आणि रक्तदाबाचे रुग्ण यांना ही लस मोफत देण्याचे पाऊल उचलले होते. आपल्याकडेही तशी मागणी व्हायला हवी. पण नुसती फुकट करून भागत नाही. अमेरिकेत ६५ वर्षांवरील लोकांना मेडिकेअर योजनेतून १९९३ पासून ही लस मिळते. तरी गोऱ्या लोकांच्या मानाने काळ्या लोकांत लस घेणारे कमीच राहिले. पैसा हा एक अडसर झाला. वेळ, विश्वास आणि आपुलकीने सांगणारे कोणी नसणे, हे बाकीचे.

हे बाकीचे अडसर शाळा दूर करू शकते. आपल्याकडे शिक्षक, कार्यालय, मावशी, चौकीदार आणि चालक मिळून चौतीस जण आहेत. शुगर असल्याचे सात जणांनी स्वतःहून सांगितले आहे. सातही जणांचा खर्च चौदा हजारांच्या आत बसतो. स्नेहसंमेलनाच्या मंडपाला आपण याहून जास्त देतो. विश्वस्त मंडळाला माझी विनंती आहे की, दरवर्षी शाळा उघडताना, जूनमध्ये, डॉक्टरांना शाळेतच बोलवावे, तपासून लस द्यावी, आणि दुसऱ्या दिवशी कोणाला बरे वाटले नाही तर पगार कापू नये. माझ्या लसीचे पैसे मी देईन. "उद्या सगळेच मागतील," ही शंका मला ठाऊक आहे. मागू देत. ज्याला धोका जास्त, त्याच्यापासून सुरुवात करू.

मुलांनो, तुम्हालाही एक काम. घरी आजी-आजोबांना शुगर असेल तर लसीबद्दल डॉक्टरांना विचारायची आठवण करा. मग आईला विचारा, आपल्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशींना शुगर आहे का, आणि त्यांना हे कोणी सांगितले आहे का?

निदान आपल्या शाळेच्या फाटकाच्या आत तरी पुन्हा कोणावर "किसी ने बताया ही नहीं" म्हणायची वेळ येऊ नये.

आपली,
मुख्याध्यापिका