जनावरांची गाडी : टन नव्हे, फूट मोजा

बाजारात जनावर घेताना आपला व्यापारी बांधव दात पाहतो, खूर पाहतो, चार पावले चालवून पाहतो. दोनशे रुपयांसाठी अर्धा तास रुमालाखाली बोटे दाबतो. पण तेच जनावर न्यायची वेळ आली की बाजाराच्या तोंडाशी उभी असलेली पहिली गाडी ठरते. गाडीवाला एकच प्रश्न विचारतो, "किती नग?" आणि आपणही नगच सांगतो. गाडीचा हौदा किती लांब, किती रुंद, खाली लोखंड आहे की लाकूड, हे कोणी विचारत नाही. वर्धा जिल्ह्यातील शेळ्या-बोकडांचे, म्हशींचे आणि शेतीच्या बैलांचे व्यापारी आज ज्या अडचणींत सापडतात, त्यांतल्या बऱ्याचशा या न विचारलेल्या प्रश्नातून सुरू होतात, असे आमचे मत आहे.

परदेशात शेतकरी जीपच्या मागे जनावरांचा खास ट्रेलर जोडतो. आपल्याकडे ट्रेलर म्हणजे ट्रॅक्टरची ट्रॉली. ती कापूस, शेणखत आणि कुटार नेण्यासाठी असते. अनेक ट्रॉल्यांना कमानपाटे नसतात, त्यामुळे रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा थेट जनावराच्या पायाला बसतो. हौद्याच्या फळ्या बुटक्या, तळ उंच आणि वळणावर मागचा भाग झोकांडी खातो. शिवाय शेतीकामासाठी नोंदलेली ट्रॉली भाड्याने व्यापाराला लावली की अपघाताच्या वेळी विमा कंपनी हात वर करायला मोकळी. गावातल्या गावात एखादी म्हैस हलवणे वेगळे. व्यापारासाठी ट्रॉली नको.

मग उरतात तीन गाड्या. छोटा हत्ती म्हणून ओळखली जाणारी लहान गाडी, पिकअप आणि चौदा फुटी किंवा त्याहून मोठ्या हौद्याचा ट्रक. यांतली कोणती घ्यावी, हे ठरवताना आपण टन विचारतो. चूक तिथेच होते.

नियम काय म्हणतात?

जनावरांच्या वाहतुकीचे केंद्राचे नियम १९७८ सालचे आहेत. त्यांनुसार मालगाडीत सहापेक्षा जास्त गाई-बैल-म्हशी भरता येत नाहीत आणि साडेचार-पाच टनी गाडीत चाळीसपेक्षा जास्त शेळ्या-मेंढ्या भरता येत नाहीत. गाडीत दुसरा माल नको, मोठ्या जनावरांबरोबर एक माणूस हवा, तळाला काथ्याची चटई किंवा फळ्या हव्यात आणि गुरांची तोंडे शक्यतो इंजिनाकडे हवीत. पशुवैद्यकाचा दाखलाही हवा. हे नियम जुने आहेत. जाणते हेडी त्यांतले बरेचसे आधीपासून पाळतात.

खरा बदल २०१५ साली मोटार वाहन नियमांत झाला. १२५-ई हा नवा नियम आला आणि १ जानेवारी २०१६ पासून लागू झाला. त्यानुसार जनावरे नेणाऱ्या गाडीत कायमचे कप्पे हवेत आणि प्रत्येक जनावराला स्वतंत्र कप्पा हवा. गाय किंवा म्हशीला किमान २ चौरस मीटर, शेळी किंवा मेंढीला ०.३ चौरस मीटर. अशी गाडी तयार झाली की आरटीओकडून तिचा खास परवाना घ्यायचा आणि त्या गाडीत दुसरा कोणताही माल भरायचा नाही.

आता फूटपट्टी घ्या. २ चौरस मीटर म्हणजे साधारण साडेएकवीस चौरस फूट. ०.३ चौरस मीटर म्हणजे सव्वातीन चौरस फूट. नऊ फूट लांब आणि साडेपाच फूट रुंद हौद्याची पिकअप असेल, तर क्षेत्रफळ साडेएकोणपन्नास चौरस फूट. त्यात शेळ्या बसतात पंधरा आणि म्हशी दोन. चौदा बाय सातच्या हौद्यात शेळ्या तीस आणि म्हशी चार. साडेतीन फूट रुंद आणि सात फूट लांब असे चार कप्पे त्यात नीट बसतात. सहा मोठी जनावरे न्यायची असतील, तर सात फूट रुंदीला सुमारे वीस फूट लांबी लागते. म्हणजे १९७८ च्या नियमातला सहाचा आकडा ही कमाल मर्यादा झाली. आपल्या गाडीत चारच बसत असतील, तर आपला आकडा चार.

यात वजनाचा संबंध कुठे आला? तीस किलोच्या पंधरा शेळ्या म्हणजे साडेचारशे किलो. पिकअप याच्या दुपटीहून जास्त भार सहज ओढते. म्हणूनच गाडीवाला म्हणतो, "शेठ, अजून पंधरा टाका, गाडीला काही होत नाही." गाडीला होत नाही हे खरे. जे व्हायचे ते खालच्या शेळीला होते.

भाड्याचा हिशेब

समजा, पिकअपचे भाडे तीन हजार रुपये आहे. पंधरा शेळ्या नेल्या तर नगामागे दोनशे पडतात, तीस नेल्या तर शंभर. तीस शेळ्यांमागे तीन हजार वाचले. पण गर्दीत एक बोकड खाली बसला, त्याच्यावर दुसरे उभे राहिले आणि उतरवताना तो मेलेला निघाला, तर आठ-दहा हजार गेले. तीन खेपांची बचत एका बोकडात संपली. जे जिवंत उतरतात, तेही वजन टाकून, अंग खरचटून, डोळे मिटून उतरतात. असा माल गिऱ्हाईक पाडून मागते. ही तूट वहीत कोणी लिहीत नाही, म्हणून ती दिसत नाही.

दुसरा हिशेब याहून मोठा आहे. जप्त जनावरांच्या देखभालीसाठी केंद्राने २०१७ साली नियम केले. गुन्हा दाखल झाला की जनावरांची ने-आण, औषधपाणी आणि चारा यांच्या खर्चाची जबाबदारी गाडीमालक, माल पाठवणारा आणि वाहतूकदार या सर्वांवर एकत्रितपणे येते आणि गाडी तारण म्हणून अडकून राहू शकते. भाड्याची गाडी आहे, ड्रायव्हरने जास्त भरले, आमचा काय दोष, ही सबब तिथे चालत नाही. कर्जाची गाडी कोर्टाच्या तारखांवर उभी राहिली तरी बँकेचा हप्ता थांबत नाही.

गाडी पाहताना

तळ आधी पाहावा. नुसता लोखंडी पत्रा ओला झाला की जनावर घसरते आणि उन्हात तापला की पाय भाजतात. त्यावर फळ्या किंवा काथ्याची चटई असावी, शेळ्यांसाठी दोन इंच तणस किंवा कुटार अंथरावे. मूत वाहून जायला भोक हवे. बाजूच्या फळ्या खांद्यापर्यंत भरीव आणि वर हवा खेळेल अशा जाळीच्या असाव्यात. तळ आणि फळी यांच्यामध्ये फट नको. शेळीचा पाय तिथेच अडकून मोडतो. आत बोल्टची डोकी, तारेची टोके असू नयेत. मागचा फाळका खाली सोडला की जनावर चालत चढेल अशी पायाला पकड देणारी उतरंड तयार झाली पाहिजे. शेपूट पिरगाळून, उचलून गाडीत फेकणे हा भरण्याचा प्रकार नव्हे.

दुमजली हौद्याचा मोह पुष्कळांना होतो. वरच्यांची घाण खालच्यांवर पडते, खाली वारा लागत नाही आणि वर वजन गेल्याने गाडी वळणावर डुलते. तळेगावजवळच्या सत्याग्रही घाटातून अशी गाडी उतरवताना ड्रायव्हरचीही परीक्षा असते.

आपल्या जिल्ह्याचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांवर जातो. जाणकार सांगतात, जनावर रात्री न्यावे. पण रात्री जनावरांची गाडी दिसली की लोकांच्या मनात संशय आणि व्यापाऱ्याच्या मनात भीती. ही भीती काल्पनिक नाही. जून २०२३ मध्ये नाशिक जिल्ह्यात दोन वेगवेगळ्या घटनांत जमावाच्या मारहाणीने आपल्या तरुणांचे जीव गेले. आमचा सल्ला असा की उन्हाळ्यात खेप पहाटे सुटावी आणि दहाच्या आत पोहोचावी. वर्ध्याहून नागपूर सुमारे पंचाहत्तर किलोमीटर, हिंगणघाट किंवा आर्वी त्याहून जवळ. एवढ्या अंतराला सकाळ पुरते. गाडीत पाण्याचा पिंप आणि बादली असावीच.

कागद गाडीतच, एका पिशवीत ठेवावेत : बाजार समितीची खरेदी पावती, पशुवैद्यकाचा दाखला, आरटीओचा परवाना आणि माल कोणी, कोणाला, किती नग पाठवला याची चिठ्ठी. १ जून २०२४ पासून राज्यात कानातल्या बिल्ल्याशिवाय जनावरांची खरेदी-विक्री व वाहतूक करता येत नाही. बिल्ल्याचा आकडा पावतीवर उतरवून घ्यावा. मार्च २०१५ पासून राज्यात गाईबरोबर बैल आणि वळूच्या कत्तलीलाही बंदी आहे. शेतीसाठी बैल घेणे-विकणे गुन्हा नाही. पण म्हणूनच बैल कोणत्या शेतकऱ्याकडे चालला आहे, हे कागदावर स्पष्ट असले पाहिजे.

एकट्याला परवडत नाही

व्यापारी बांधव विचारतील, कप्प्यांची गाडी घेतली आणि तिच्यात कापूस-सोयाबीन भरता येत नाही, तर आठवड्याच्या एका बाजारासाठी तिला सहा दिवस उभी ठेवायची काय? प्रश्न रास्त आहे. नियम करणाऱ्यांनी लहान व्यापाऱ्याचा विचार केला नाही, हे आम्हीही म्हणतो. पण उपाय आपल्या हातात आहे. वेगवेगळ्या गावांचे बाजार वेगवेगळ्या दिवशी भरतात. चार-पाच व्यापाऱ्यांनी भागीदारीत एक चौदा फुटी गाडी घ्यावी, वार वाटून घ्यावेत, हिशेबाची वही एकाने सांभाळावी आणि भागीदारीचा करार स्टॅम्पपेपरवर करावा. तोंडी भागीदारीने किती भाऊ वेगळे झाले, हे सांगायला नको.

कारागिरांसाठीही यात काम आहे. आपल्या गावोगावच्या वेल्डर आणि बॉडी बांधणाऱ्या मिस्त्रींनी हे मापाचे गणित पाठ करावे आणि काम घेण्याआधी आरटीओ कार्यालयात नकाशा दाखवून खात्री करून घ्यावी. "परवाना मिळेल अशी बॉडी बांधून देतो" असे ज्याला म्हणता येईल, त्याच्याकडे इतर जिल्ह्यांतूनही गाड्या येतील.

सरकार आणि बाजार समित्यांचेही देणे आहे. समिती प्रत्येक व्यवहारावर फी घेते. तिने जनावर चढवायला पक्का ओटा बांधावा, सावली आणि पाणी द्यावे, बाजाराच्या दिवशी पशुवैद्यक तिथे बसेल असे पाहावे. दाखला देणारा माणूसच नसेल, तर दाखला मागण्यात अर्थ काय? रस्त्यावर गाडी तपासण्याचे काम पोलिसांचे आणि आरटीओचे आहे, वाटेत उभ्या राहणाऱ्या टोळक्याचे नाही. २०२५ च्या पावसाळ्यात कुरेशी बिरादरीने राज्यात जनावरांची खरेदी बंद ठेवली, तेव्हा बाजार ओस पडले आणि भाकड जनावर विकू न शकलेला शेतकरीच सर्वांत आधी ओरडला. हा धंदा एका जमातीचा नाही, हे त्या वेळी सर्वांना कळले.

कप्प्यांची गाडी असली, कागद पुरे असले, तरी अडवणारा अडवेल. हे आम्ही नाकारत नाही. पण तेव्हा कायदा आपल्या बाजूला असेल, जनावर उभे असेल आणि पोलीस ठाण्यात आपल्याला मान खाली घालावी लागणार नाही. मुक्या जनावराला दाटीवाटीने कोंबून मिळवलेल्या पैशात बरकत नसते, हे आपल्या वडीलधाऱ्यांनी सांगितलेच आहे. येत्या बाजाराला जाताना खिशात नोटांबरोबर एक मोजपट्टी असू द्यावी. गाडीवाल्याने "किती नग?" म्हटले, की आधी त्याचा हौदा मोजावा आणि मगच आकडा सांगावा.