पायरी आणि झेप

वर्गात असा एखादा विद्यार्थी असतो की, गणिताचे उत्तर तो झटकन सांगतो; परंतु ‘रीत लिहून दाखव’ म्हटले की गोंधळतो. त्याच्या शेजारी बसणारा दुसरा प्रत्येक पायरी स्वच्छ अक्षरात मांडतो. मात्र नमुन्याबाहेरचे उदाहरण आले की त्याची लेखणी थबकते. पहिल्याला आपण उतावळा म्हणतो आणि कधी कधी त्याने उत्तर चोरले असा संशयही घेतो; दुसऱ्याला घोकंपट्टी करणारा म्हणून हिणवतो. मला हे दोन्ही शिक्के अन्यायाचे वाटतात. बुद्धीला दोन चाली अवगत असतात. एक जिना चढण्याची: खालच्या पायरीवर पाऊल स्थिर झाल्यावाचून वरचे उचलावयाचे नाही. दुसरी झेपेची: मधले काही दिसत नसताना मन एकदम पलीकडच्या काठावर जाऊन उभे राहते.

शाळेचा सारा क्रम पहिल्या चालीवर आधारलेला आहे, आणि त्यात गैर काही नाही. बेरीज येत नाही त्याला गुणाकार कसा यावा? युक्लिड या ग्रीक गणित्याने इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास भूमितीचे जे तेरा खंड रचले, त्यांत प्रत्येक सिद्धान्त आधीच्या सिद्धान्तांवर उभा आहे. आजही आपण भूमितीचे प्रमेय त्याच धाटणीने सिद्ध करतो. पण मुलांनो, एक गोष्ट ध्यानात घ्या. वाडा बांधून झाला म्हणजे गवंडी परांची उतरवून ठेवतात. सिद्धतेचे तसेच आहे. ती ज्या क्रमाने लिहिली जाते, त्याच क्रमाने ती सुचली असेल असे मुळीच नाही. शिवाय जी विद्या आपल्याला सर्वांत उत्तम येते, ती मातृभाषा, आपण विभक्तीच्या तक्त्यावरून थोडीच शिकलो? आईचे बोलणे, अंगणातली भांडणे, आजीच्या गोष्टी असे सगळे एकदम कानांवर पडले आणि त्यातून भाषा उमलली. व्याकरण पुष्कळ उशिरा आले.

या दोन्ही चाली एका कार्यात एकत्र आल्याचे मोठे उदाहरण आपल्या देशातच आहे. श्रीनिवास रामानुजन यांचा जन्म १८८७ साली तमिळ प्रदेशातील इरोड येथे झाला. बालपण कुंभकोणमला गेले. किशोरवयात त्यांच्या हाती कार नावाच्या इंग्रज शिक्षकाचे एक पुस्तक पडले. त्यात गणिताची सुमारे पाच हजार विधाने होती. सिद्धता मात्र बहुधा नव्हत्याच. रामानुजन ती विधाने स्वतः पडताळू लागले आणि त्यांतून नवी शोधू लागले. कागद महाग, म्हणून आकडेमोड पाटीवर. वहीत उतरे ते केवळ उत्तर. गणितापुढे इतर विषयांकडे दुर्लक्ष झाले आणि महाविद्यालयातील शिष्यवृत्ती गेली. पुढे मद्रासच्या बंदरकचेरीत कारकुनी करीत असता, जानेवारी १९१३ मध्ये, त्यांनी केंब्रिजच्या प्राध्यापक हार्डी यांना पत्र लिहिले. त्यात शंभरावर सूत्रे होती. पायऱ्या जवळजवळ नव्हत्या.

हार्डींचा पिंड अगदी उलट. सिद्धतेवाचून एक पाऊलही टाकू नये, असे मानणारे ते गणिती होते. तरीही त्यांनी ते पत्र केराच्या टोपलीत टाकले नाही, हा त्यांचा मोठेपणा. एक मात्र सांगितलेच पाहिजे: अविभाज्य संख्या मोजण्याविषयी रामानुजन यांनी जो दावा केला होता, तो तपासाअंती खरा ठरला नाही. एवढ्या थोर बुद्धीची झेपही कधी कधी रिकाम्या जागी पडते.

१९१४ मध्ये रामानुजन इंग्लंडला गेले. तेथे दोघांनी एक प्रश्न घेतला. एखादी संख्या बेरजेने किती प्रकारे मांडता येते? ४ ही संख्या घ्या: ४, ३+१, २+२, २+१+१, १+१+१+१, असे पाच प्रकार झाले. १० चे ४२ होतात आणि १०० चे १९,०५,६९,२९२! यासाठी सूत्र हवे होते. सूत्राचे रूप कसे असावे याची चाहूल रामानुजन यांना लागली. ते तर्काच्या कसोटीला उतरविण्याची शिस्त हार्डींची. आणि तिसरा एक माणूस होता, त्याचे नाव आपण सहसा घेत नाही. मॅकमहोन नावाच्या या गणित्याने २०० पर्यंतच्या प्रत्येक संख्येचे किती प्रकार होतात, हे हाताने आकडेमोड करून काढले होते. १९१८ साली प्रसिद्ध झालेल्या सूत्राचे उत्तर त्याच्या आकड्यांशी ताडून पाहिले, तेव्हा ते जुळले. माझ्या मते या यशात मॅकमहोनच्या चिकाटीचा वाटा कमी लेखता येणार नाही.

म्हणून ‘मी झेपेचाच’ किंवा ‘मी पायरीचाच’ असे कोणी स्वतःला बांधून घेऊ नये. मुलांवर असे शिक्के मारून त्याप्रमाणे शिकविल्याने शिकणे सुधारते, या समजुतीला संशोधनाचा भक्कम आधार मिळालेला नाही. ज्याला उत्तर आधी दिसते त्याने ते समासात लिहून ठेवावे आणि मग उलट दिशेने पायऱ्या शोधीत यावे. जो पायऱ्यांत रमतो त्याने अधूनमधून लेखणी खाली ठेवून उत्तर साधारण किती येईल याचा अंदाज करावा. तो चुकला तर चुकू द्यावा. शिक्षकांनाही एक विनंती आहे. रीत न लिहिणाऱ्याला गुण कमी द्यावेत, ते योग्यच. परंतु त्याला खोटा ठरविण्यापूर्वी ‘तुला हे कसे दिसले?’ एवढे अवश्य विचारावे.

रामानुजन १९२० मध्ये, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, निवर्तले. त्यांच्या वह्यांतील हजारो सूत्रांच्या सिद्धता मागाहून अनेक गणिती शोधीत राहिले. अमेरिकेतील ब्रूस बर्न्ट यांनी ते काम पाच खंडांत मांडले. पहिला खंड १९८५ साली निघाला, शेवटचा १९९८ साली. बहुतेक सूत्रे खरी निघाली.