व्हिसा कोणाच्या नावावर?



‘मुलगा टोकियोला मोठ्या कंपनीत आहे. आमची मुलगी एम.ए., बी.एड. तिकडे जाऊन इंग्रजी शिकवेल. इंग्रजी येणारीला कुठे काम मिळत नाही?’ गेल्या काही वर्षांत हे वाक्य मी कितीतरी आयांच्या तोंडून ऐकले आहे. त्या खोटे बोलत नसतात. इंग्रजी हे कुठेही चालणारे नाणे आहे अशी आपल्या सगळ्यांचीच समजूत आहे. मुलीने शिकावे, कमवावे, कोणावर अवलंबून राहू नये, ही आपल्या चळवळीने घरोघरी पोचवलेली इच्छाही त्या वाक्यात आहे. म्हणूनच ते नीट तपासायला हवे. परदेशी गेलेल्या बाईच्या हाती काम लागते की नाही, हे तिच्या इंग्रजीपेक्षा तिचा व्हिसा कोणाच्या नावावर आहे यावर जास्त ठरते.

मी जपानपुरतेच बोलते, कारण तिथली तीन वर्षे मी स्वतः काढली आहेत. २००० सालाच्या सुमारास भारतीय संगणक अभियंते मोठ्या संख्येने टोकियोला जाऊ लागले. शहराच्या पूर्वेकडील एदोगावा भागात, निशी-कसाई स्टेशनच्या आसपास त्यांची वस्ती वाढली. २००४ आणि २००६ साली टोकियोत भारतीय पद्धतीच्या दोन शाळा निघाल्या. २०१९ साली मूळचे अंबरनाथचे योगेंद्र पुराणिक एदोगावाच्या स्थानिक सभागृहावर निवडून आले, तेव्हा इकडच्या वर्तमानपत्रांत कौतुकाने बातम्या छापून आल्या. आज जपानमध्ये पन्नास हजारांहून अधिक भारतीय राहतात. या यशोगाथेत अभियंता असतो, त्याची कंपनी असते, गणपती आणि दिवाळीचे फोटोही असतात. त्याच्याबरोबर गेलेली, इकडे आठ-दहा वर्षे शाळेत शिकवून आलेली त्याची बायको मात्र फोटोत फराळाच्या ताटामागे उभी असते.

तिच्या ओळखपत्रावर ‘काझोकु ताइझाइ’ असे लिहिलेले असते. अर्थ सरळ आहे: कुटुंबातली आश्रित व्यक्ती. या व्हिसावर तिला मुळात कमावण्याची मुभा नसते. वेगळा अर्ज करून परवानगी काढली तर आठवड्याला अठ्ठावीस तासांपर्यंत काम करता येते. परवानगी न काढता घरच्या घरी पैसे घेऊन शिकवणी घेतली तरी ते बेकायदा काम ठरते. नवऱ्याचा व्हिसा आहे तोवर तिचा. घटस्फोट झाला किंवा नवरा वारला, तर चौदा दिवसांच्या आत इमिग्रेशन खात्याला कळवावे लागते, आणि पुढे त्या देशात राहायचे तर दुसरे काही कारण दाखवावे लागते. इकडे स्वतःच्या पगाराची पावती असलेली बाई विमानातून उतरता उतरता कायद्याने आश्रित होते. हे तिच्या नवऱ्याच्या स्वभावावर अवलंबून नाही. नवरा कितीही समजूतदार असला तरी कायदा तिला त्याच्या पदराला बांधूनच ठेवतो.

यातून सुटण्याची वाट आहे. पूर्ण वेळेचे काम मिळाले, कंपनीने किंवा शाळेने कागद दिले, तर आश्रित व्हिसा बदलून स्वतःच्या नावाचा घेता येतो. मग इंग्रजी शिकवण्याचे काम मिळवायचे. जपानला इंग्रजीच्या शिक्षकांची गरज आहेच. १९८७ पासून ‘जेट’ या सरकारी योजनेतून परदेशी पदवीधरांना शाळांत साहाय्यक म्हणून आणले जाते. २०२० पासून प्राथमिक शाळेच्या पाचवी-सहावीला इंग्रजी हा रीतसर विषय झाला आहे. वर्गात जपानी शिक्षकाला मदत करणाऱ्या परदेशी साहाय्यकाला तिथे ‘ए.एल.टी.’ म्हणतात. पण या कामासाठी लागणाऱ्या शिक्षक-व्हिसाला एक अट आहे: जी परकी भाषा शिकवायची, त्या भाषेच्या माध्यमातून निदान बारा वर्षे शिक्षण झालेले असले पाहिजे.

ही अट वाचायला रास्त वाटते. पण ती कोणाला बाहेर ठेवते ते पाहा. इंग्रजी माध्यमाच्या शाळेत फी भरू शकणाऱ्या घरातली मुलगी आत. जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठीतून दहावी झालेली, पुढे कॉलेजात शब्दकोश उशाशी घेऊन इंग्रजीत एम.ए. केलेली, खेड्यातल्या मुलांना इंग्रजी कसे शिकवायचे हे वर्गात उभी राहून शिकलेली बाई बाहेर. खरे तर परकी भाषा शिकताना कुठे अडते हे तिच्याइतके कोणाला कळणार? सावित्रीबाईंनी १८५४ सालच्या ‘काव्यफुले’मध्ये इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरला, तो ज्यांना ज्ञानापासून दूर ठेवले होते त्यांच्यासाठी. त्या वाटेने चालत आलेल्या मुलीला आज ‘तू ही भाषा उशिरा शिकलीस’ असे सांगितले जाते. वर्गाचा आणि जातीचा हिशेब असा समुद्र ओलांडूनही पाठीशी येतो.

दुसरी वाट खाजगी संभाषणवर्गांची. त्यांना तिथे ‘एइकाइवा’ म्हणतात, आणि ते जवळजवळ प्रत्येक स्टेशनाबाहेर दिसतात. तिथे पदवी असली तरी कायद्याला पुरते, पण जाहिरातीत ‘नेटिव्ह स्पीकर’ हवा असतो. एका वर्गाशी मी फोनवर बोलले. वीस मिनिटे बोलणे छान झाले. शेवटी पासपोर्ट कुठला, असे विचारले. मी भारताचा म्हणाले, आणि ‘कळवतो’ असे उत्तर आले. वीस मिनिटे माझे इंग्रजी चालले, पासपोर्ट चालला नाही. दुसऱ्या एका ठिकाणी जाहिरातपत्रकासाठी फोटो आधी मागवला आणि मग जागा भरल्याचे सांगितले. निशी-कसाईच्या बायकांत असे अनुभव सांगायला लागले की संध्याकाळ पुरत नाही. हे एकट्या जपानचे नाही. दक्षिण कोरियात इंग्रजी शिकवण्याच्या व्हिसासाठी सात देशांची यादीच ठरलेली आहे. २०१० साली अमलात आलेल्या भारत-कोरिया करारामुळे शिक्षकाचे प्रमाणपत्र असलेल्या भारतीयांसाठी तिथे थोडी फट उघडली, इतकेच.

रॉबर्ट फिलिपसन या भाषाअभ्यासकाने १९९२ साली आपल्या पुस्तकात दाखवून दिले की जन्माने इंग्रजी बोलणारा तोच उत्तम शिक्षक, ही समजूत निराधार आहे. शिकवण्याचे कौशल्य प्रशिक्षणाने येते, जन्माने नव्हे. आपल्याला हे कळायला पुस्तकाची गरज नसावी. माणसाची लायकी जन्मावरून ठरवण्याचा धंदा आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहिला आहे. म्हणून तिकडच्या जाहिरातींवर रागावताना इकडेही पाहू या. आपल्याच शहरांतल्या शाळा शिक्षिकेच्या मुलाखतीत तिचे शिकवणे पाहतात की उच्चार? ‘बोलण्यात गावाकडचा हेल येतो’ म्हणून किती जणींना आपणच मागच्या बाकावर बसवले आहे?

परदेशी शिकवू पाहणाऱ्या मराठी बाईची अडवणूक नवी नाही. पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या. पुढच्या वर्षी त्या चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात आल्या. तिथे त्या स्वतः शिकत होत्या आणि संस्कृत शिकवीतही होत्या. त्यांनी तरुण पुरुषांनाही शिकवावे अशी सूचना कॉलेजच्या प्रमुख डोरोथिया बील यांनी पुढे आणली, तेव्हा मुंबई आणि लाहोरच्या बिशपांनी हरकत घेतली. अशाने भारतात त्यांच्या कामाला बाधा येईल, असे त्यांचे म्हणणे. रमाबाईंनी कळवले की आपल्या वडिलांनी वा नवऱ्याने अशा शिकवण्याला कधी हरकत घेतली नव्हती, मग या मंडळींनी ती घ्यावी याचेच आश्चर्य वाटते. विद्या तिची, श्रम तिचे, पण तिने कोणाला शिकवायचे हे तिसऱ्यांनीच ठरवायचे, अशी ती रीत होती. आज बिशपांच्या जागी नियमावली आली आहे.

काम मिळेपर्यंतचे दिवस कसे जातात, तेही सांगायला हवे. मूल लहान असेल तर ‘होइकुएन’, म्हणजे सरकारी व्यवस्थेतले पाळणाघर, हवे. तिथली जागा आईबाप किती तास काम करतात यावर गुण देऊन ठरते. काम शोधणारीला अर्ज करता येतो, पण गुण कमी पडतात. काम नाही म्हणून पाळणाघर नाही, पाळणाघर नाही म्हणून काम नाही. शिवाय नावाचा घोळ. पदवी आणि बी.एड.च्या कागदांवर माहेरचे नाव, पासपोर्टवर सासरचे. कोणाचे तर पहिले नावही लग्नात बदललेले. ही एकच बाई आहे हे टोकियोतल्या कचेरीला पटवून देताना दर वेळी लग्नाचा दाखला आणि त्याचे भाषांतर जोडावे लागते. लग्नानंतर नाव बदललेच पाहिजे असा आपल्याकडे कोणताही कायदा नाही. हे आपण वर्षानुवर्षे सांगत आलो, ते तत्त्व म्हणून. ते पोटापाण्याचेही असते, हे तिथे रांगेत उभे राहिल्यावर कळते.

मग बाया तिथे रुळतात कशाच्या जोरावर? मी जे पाहिले त्यावरून सांगते: एकमेकींच्या जोरावर. वॉर्डाच्या कचेरीतून किंवा स्वयंसेवकांकडून चालणाऱ्या अल्प फीच्या जपानी भाषेच्या वर्गांना मिळून जाणे, एकीच्या मुलांना दुसरीने सांभाळणे, परवानगीच्या अर्जाची एक प्रत सगळ्यांसाठी ठेवणे, यातून पाय रोवले जातात. अठ्ठावीस तासांतली दहा-बारा तासांची शिकवणी मिळाली तरी स्वतःचे बँकखाते पुन्हा हलू लागते. मग लक्षात येते की आपल्याहून अवघड स्थितीत असलेली बाई शेजारीच आहे. भारतीय हॉटेलांतल्या स्वयंपाक्यांच्या बायकाही याच आश्रित व्हिसावर असतात. त्यांच्यातल्या कित्येकींना इंग्रजीचाही आधार नाही. शाळेची चिठ्ठी, दवाखान्याचा कागद, पाळणाघराचा अर्ज यांसाठी त्यांना कोणीतरी लागते. आपले इंग्रजी बाजारात खपले नाही तरी तिच्या शेजारी बसून अर्ज भरायला ते आणि आपले मोडके जपानी नक्कीच उपयोगी पडते.

संघटनांनी काय करावे? चार गोष्टी सुचवते.

पहिली, लग्नापूर्वीच्या समुपदेशनात पगार आणि पत्रिकेइतकेच हे प्रश्न विचारा: मुलीचा व्हिसा कोणता, त्यावर काम करता येते का, किती तास, आणि तो तिच्या स्वतःच्या नावाचा करायला काय लागते? देशोदेशी नियम निराळे असतात आणि ते बदलतात. म्हणून ऐकीव माहितीवर न जाता त्या देशाच्या वकिलातीकडून खात्री करून घ्यावी.

दुसरी, निघण्यापूर्वीची तयारी. पदवी, बी.एड., अनुभवाचे दाखले आणि शिक्षणाचे माध्यम कोणते होते याचे पत्र घ्यावे. लागतील त्या कागदांवर अपोस्टिलचा शिक्का इथूनच मारून न्यावा. नाव बदलू नये, बदलले असेल तर त्याचा पुरावा जवळ ठेवावा. पासपोर्ट आणि ओळखपत्र स्वतःच्या पिशवीत असावे, नवऱ्याच्या कपाटात नव्हे.

तिसरी, इंग्रजीच्या भरवशावर न राहता त्या देशाची भाषा शिकावी. जपानी भाषेच्या परीक्षा पुण्यात आणि मुंबईत देता येतात. मुलगा जपानी शिकतो ते कंपनीसाठी. मुलीने शिकावे ते डॉक्टरशी, पोलिसाशी आणि मालकाशी स्वतः बोलता यावे म्हणून.

चौथी, छळ झाला तर आश्रित व्हिसामुळे गप्प बसू नये. जपानमध्ये कौटुंबिक हिंसेविरुद्धचा कायदा २००१ पासून आहे आणि तो परदेशी बाईलाही संरक्षण देतो. हॅश ८००८ या क्रमांकावर फोन केला की जवळच्या सल्लाकेंद्राशी जोडून देतात. छळामुळे घर सोडलेल्या बाईच्या व्हिसाचा विचार तिची परिस्थिती लक्षात घेऊन करावा, असे तिथल्या इमिग्रेशन खात्याचे धोरण आहे. हे मुलीला आणि तिच्या आईलाही जाण्याआधी माहीत हवे.

परदेशी जाऊ नका, असे मी म्हणत नाही. नवा देश, नवी भाषा, सासरच्या गोतावळ्यापासून दूर मिळालेला मोकळेपणा, रात्री अकरा वाजता एकटीने आगगाडीतून घरी येता येणे, हे सारे मी अनुभवले आहे आणि ते मोलाचे आहे. पण मोकळेपणा कोणाच्या तरी कृपेवर असेल तर तो केव्हाही काढून घेता येतो. घर कोणाच्या नावावर, सात-बारा कोणाच्या नावावर, हे विचारायला आपण शिकलो. त्या यादीत आता व्हिसाही घालू या.

ज्या मैत्रिणी परदेशी आहेत किंवा जाऊन परत आल्या आहेत, त्यांनी आपापल्या देशातले नियम आणि अनुभव लिहून जरूर पाठवावेत. जमतील तसे पुढच्या अंकांतून छापू, म्हणजे यानंतर विमानात बसणारी एखादी तरी माहिती घेऊन बसेल.

– संपादक