सशांची साथ आणि शिकाऱ्यांची साक्ष

शिकारीची आवड असलेले वाचक आमच्या मासिकाला फार नसतील. आपल्या देशांत रानांतील जनावरांची शिकार आतां कायद्यानेंच मना आहे, आणि तें योग्य आहे असें आम्हांसही वाटतें. तथापि आज जी हकीकत आम्ही वाचकांपुढें मांडीत आहों, तिचे पहिले साक्षीदार इंग्लंड-फ्रान्समधील खेड्यापाड्यांतले शिकारीच होते. आणि त्यांची साक्ष ऐकून घेतल्यावांचून तिचें मर्म हातीं लागत नाहीं.

प्रारंभीं एक खुलासा केला पाहिजे. आपल्या माळावरचा ससा बीळ करीत नाहीं. गवतांत अंगापुरता खळगा करून तो दबून बसतो आणि चाहूल लागतांच उधळतो. त्याला इंग्रजींत ‘हेअर’ म्हणतात. ‘रॅबिट’ म्हणतात तो ससा निराळा. अंगानें लहान, बिळें खणून मोठ्या कुटुंबकबिल्यानें राहणारा. गरीब शिकाऱ्याचें हें नित्याचें सावज. हरणाच्या मागें जाणें हा जमीनदाराचा षोक; साध्या खेडुतानें आपलें कुत्रें बरोबर घ्यावें, मुंगसासारखें लांबट, पाळीव फेरेट बिळांत सोडावें, बिळाच्या तोंडाशीं जाळें लावावें आणि रात्रीच्या जेवणाला एक-दोन ससे घरीं न्यावे, असा तिकडचा पिढ्यान्‌पिढ्यांचा परिपाठ.

१९५३ सालच्या शरदृतूंत इंग्लंडच्या केंट परगण्यांत हा परिपाठ मोडला. कुंपणाशीं ससा बसलेला दिसे, पण माणूस जवळ गेला तरी तो जागचा हालत नसे. पापण्या सुजून मिटलेल्या, त्यांतून पू वाहत असलेला, कान सुजून जड झालेले, डोकें ओळखूं न येण्याइतकें फुगलेलें. त्याला दिसत नसे, ऐकूंही येत नसे. असा तो दहाबारा दिवस झिजून मरे. ज्याची सारी विद्या पळत्या सशावर नेम धरण्याची, त्या शिकाऱ्यापुढें न पळणारा ससा आला. त्यानें गोळी घातली, ती खाण्यासाठीं नव्हे, त्या जीवाला सोडविण्यासाठीं. माणसाला हा रोग होत नाहीं. तरीही तें मांस घरांत न्यावें असें कोणाला वाटेना, आणि रानसशांच्या मांसाचा बाजार बसला. लोक हातीं काठी घेऊन शेतांतून फिरूं लागले, आणि मरणाची वाट पाहत बसलेल्या जनावरांना यातनांतून मोकळें करणें एवढेंच काम त्यांना उरलें. १९५५ पर्यंत ब्रिटनमधील दर १०० सशांपैकीं सुमारें ९५ नाहींसे झाले होते.

या रोगाला मिक्सोमॅटोसिस म्हणतात. त्याचा विषाणु देवीच्या विषाणूच्या गोत्रांतला, मूळचा दक्षिण अमेरिकेंतला. तिकडच्या रानसशाला त्याच्यापासून त्वचेवर एखादी गांठ येण्यापलीकडे विशेष उपद्रव होत नाहीं. १८९६ सालीं उरुग्वेमधील मोंतेविदेओ शहरीं सानारेल्ली या इटालियन शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेंतले युरोपी ससे भराभर मरूं लागले, तेव्हां तो प्रथम उजेडांत आला. डांसांच्या आणि पिसवांच्या सोंडेला चिकटून तो एका सशाकडून दुसऱ्याकडे जातो. आणि बिळांत पिसवांना काय तोटा!

परंतु हा विषाणु आपल्या पायांनीं युरोपांत आला नाहीं. तो आणला गेला, आणि त्याची कथा ऑस्ट्रेलियापासून सांगितली पाहिजे. १८५९ सालीं थॉमस ऑस्टिन नांवाच्या जमीनदारानें शिकारीच्या हौसेसाठीं इंग्लंडांतून ससे मागवून व्हिक्टोरिया प्रांतांत आपल्या जमिनीवर सोडले. ते होते सुमारें दोन डझन. शंभर वर्षांच्या आंत त्यांची प्रजा ६० कोटींच्या घरांत गेली असा अंदाज आहे. कुरणें ओसाड पडलीं, मेंढपाळ देशोधडीला लागले. अखेर १९५० सालीं तेथील सरकारी शास्त्रज्ञांनीं मरे नदीच्या खोऱ्यांत हा रोग बुद्धिपुरस्सर सोडला. डांसांनीं तो दूरवर नेला, आणि दोन वर्षांत सशांची संख्या १० कोटींवर आली. याच सुमारास त्या भागांत माणसांमध्यें मेंदूज्वराची साथ उद्भवली, तेव्हां लोक हवालदिल झाले. १९५१ सालीं फेनर, बर्नेट आणि क्ल्यूनीज रॉस या तिघा शास्त्रज्ञांनीं सशांचा तो विषाणु स्वतःच्या अंगांत टोंचून घेतला आणि माणसाला त्याचें भय नाहीं हें दाखवून दिलें. कृत्य कठोर खरें. परंतु त्याची जबाबदारी घेणारीं माणसें लोकांसमोर उभीं होतीं.

फ्रान्समध्यें असें कांहीं झालें नाहीं. आर्मां-देलील नांवाचे एक वृद्ध, नामांकित डॉक्टर सशांच्या उपद्रवानें त्रासले होते. १९५२ च्या जून महिन्यांत त्यांनीं स्वित्झर्लंडमधून विषाणु मिळविला आणि माय्येब्वा येथील आपल्या वाडीवरच्या दोन सशांना टोंचून ते सोडून दिले. वाडीला भिंत होती; तिच्या आंतच रोग राहील असा त्यांचा हिशेब. डांसाला भिंत कोण दाखविणार? १९५४ अखेर फ्रान्समधील दर १०० रानसशांपैकीं सुमारें ९० मेले होते आणि साथ शेजारच्या देशांत पसरली होती. शिकारी खवळले, शेतकरी आणि वनाधिकारी मात्र दुवा देऊं लागले. डॉक्टरांना १९५५ सालीं न्यायालयानें ५,००० फ्रँक दंड केला, आणि १९५६ सालीं त्याच कृत्याबद्दल त्यांना सुवर्णपदक मिळालें! इंग्लंडांत रोगट ससा मुद्दाम सोडणें हा १९५४ च्या कायद्यानें गुन्हा ठरविला गेला.

शेतकऱ्यांचा आनंद आम्ही खोटा मानीत नाहीं. उभें पीक डोळ्यांदेखत कुरतडलें जातें तेव्हां काय वाटतें, हें आपल्याकडील कुळांना सांगायला नको. पण सशांबरोबर आणखी काय गेलें, याचा जमाखर्च पुष्कळ उशिरां लागला. इंग्लंडांत ससे चरेनासे झाले म्हणून टेकड्यांवरचें गवत वाढलें. गवत वाढल्यानें जमीन थंड राहूं लागली. त्या थंडाव्यानें एका जातीच्या लाल मुंग्या कमी झाल्या. आणि त्या मुंग्यांच्या वारुळांत ज्याची अळी पोसली जाते तें मोठें निळें फुलपांखरूं १९७९ सालीं ब्रिटनमधून नामशेष झालें. पुढें तें स्वीडनहून आणून पुन्हां वसवावें लागलें. स्पेनमध्यें सशांवरच जगणाऱ्या लिंक्स नांवाच्या रानमांजराची उपासमार झाली.

आणि ज्यासाठीं हें सारें केलें, तें तरी पुरतें साधलें काय? सशाला अति लवकर मारणारा विषाणु सशाबरोबरच संपतो; जो त्याला कांहीं दिवस जास्त जगूं देतो, त्याला पसरायला डांस अधिक मिळतात. म्हणून थोड्याच वर्षांत रोग सौम्य होत गेला. इकडे वांचलेल्या सशांची संतति काटक निपजली. संग्रहालयांत जपलेले जुने ससे, त्यांत डार्विनच्या संग्रहांतलाही एक, आणि हल्लींचे ससे यांची तुलना २०१९ सालीं प्रसिद्ध झाली. तींत असें दिसलें कीं, ऑस्ट्रेलिया, फ्रान्स आणि ब्रिटन या तिन्ही देशांतले ससे एकाच प्रकारच्या आनुवंशिक बदलांनीं रोगाला तोंड देऊं लागले आहेत. विषाणूही स्वस्थ बसलेला नाहीं. २०१८ सालीं स्पेनमध्यें उघड्यावर राहणारे ‘हेअर’, म्हणजे आपल्या माळावरच्या सशाचे सख्खे भाऊबंद, डोळे सुजून मरूं लागले. २०२४ सालीं जर्मनींतही तेंच दिसलें. ज्यांना हा रोग सहसा शिवत नसे, त्यांच्यापर्यंत तो पोंचला.

एका विहिरीवर दहा बिऱ्हाडें पाणी भरीत असलीं, म्हणजे आपल्या पोहऱ्यांतून विहिरींत काय टाकावें हा प्रश्न कोणा एकट्याच्या घरचा राहत नाहीं, हें एकत्र नांदणाऱ्या आमच्या वाचकांना कळतें. माय्येब्वाच्या डॉक्टरांना विद्या होती, हेतूही दुष्ट नव्हता. शेजाऱ्याला विचारण्याचें मात्र त्यांना सुचलें नाहीं. शिकाऱ्याची गोळी आम्हांस प्रिय नाहीं. पण ती ज्याला लागते तो शिकाऱ्याला समोर दिसतो, आणि म्हणूनच केंटच्या शेतांत त्याचें मन द्रवलें. भिंतीआड बसून साथ सोडणाऱ्याला तिनें मेलेला एकेक जीव दिसत नाहीं. आपल्याही हातून, सोय म्हणून, असें कांहीं भिंतीपलीकडे जात नाहीं ना, हें प्रत्येक घरानें एकदां पाहावें.