फडातली बाई कुणाला दिसते?

बीड जिल्ह्यातून २०२४-२५च्या हंगामात ऊसतोडणीला गेलेल्या बायकांपैकी ८४३ जणींची गर्भपिशवी काढलेली आहे, असे आरोग्य तपासणीतून जून २०२५मध्ये पुढे आले. त्यातल्या ४७७ जणी तिशी ते पस्तिशीतल्या. दीड हजारांवर बायका पोटुशी असताना फडात राबत होत्या, हेही त्याच तपासणीत दिसले. दोन दिवस बातम्या आल्या आणि विषय संपला. आकड्यांनी काळीज हलावे असा हा प्रकार, पण इतका मोठा समाज हे वाचून शांतपणे पुढच्या पानाकडे वळू शकतो, याची आम्हाला जास्त भीती वाटते.

कारण हे पहिल्यांदा कळलेले नाही. २०१९मध्ये हाच जिल्हा याच कारणाने देशभर गाजला होता. राष्ट्रीय महिला आयोगाने दखल घेतली, राज्य सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली, तेव्हा १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे शंभरात जवळपास सतरा. त्याच सुमाराच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांमध्ये हे प्रमाण ३.२ टक्के होते. खासगी दवाखान्यांना अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याची सक्ती झाली. तरीही सहा वर्षांनी तपासणी झाली की शेकड्यांनी अशाच बायका समोर येतात. परवानगीच्या कागदाने हे थांबणार नाही, कारण त्याचे मूळ दवाखान्याच्या बरेच अलीकडे आहे.

ते मूळ उचलीत आहे. पावसाळ्यात हात रिकामे असतात, घरात लग्न किंवा आजारपण निघते, आणि मुकादम, म्हणजे कारखान्याला मजूर पुरवणारा माणूस, आगाऊ रोख रक्कम हातावर ठेवतो; तीच उचल. ती फेडायला दसरा-दिवाळीच्या सुमारास नवरा-बायको कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे, सोलापूर नाहीतर थेट कर्नाटक गाठतात. दोघे मिळून हिशेबात एक कोयता. एकट्याला उचल कमी, काम दुय्यम. म्हणून पोरगी वयात आली न आली तोच तिचे लग्न उरकले जाते. बीडमध्ये वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक जणींची लग्ने अठराच्या आत झाल्याचे सरकारी पाहणी सांगते. फडावर पाचटाची कोपी, पाणी लांब, संडास नाही. पहाटे अंधारात तोड सुरू होते. ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचे, आणि रात्री गाडी येईल तेव्हा पुन्हा भरायला उठायचे. पाळी आली, पोट दुखले, ताप आला म्हणून एक दिवस बसले तर खाडा. तो पाचशे रुपयांपर्यंत अंगावर पडतो. अस्वच्छतेने अंगावरून जायला लागते, दुखणे वाढत जाते, आणि हंगाम संपल्यावर ती तालुक्याच्या दवाखान्यात जाते. तिथे तिला सांगितले जाते की पिशवी खराब झाली आहे, ठेवली तर कॅन्सर होईल. दोन-तीन लेकरे झालेली, वय अठ्ठावीस-तीस. शस्त्रक्रियेचा खर्च पुन्हा उचलीतून.

आता आम्ही वाचकांना सरळ विचारतो. हीच तक्रार घेऊन एखाद्या प्राध्यापकाची किंवा बँकेतल्या अधिकाऱ्याची अठ्ठावीस वर्षांची पत्नी गेली असती, तर हाच सल्ला मिळाला असता का? तिला गोळ्या दिल्या असत्या, सोनोग्राफी झाली असती, दुसऱ्या डॉक्टरचे मत घ्या म्हटले असते. ऊसतोड बाईच्या बाबतीत मात्र तिला काय कळते, तिला आता पिशवीचा काय उपयोग, एवढ्या एका समजुतीवर काम भागते. हा वर्गीय तिरस्कार आहे. तो शिवी देत नाही, आवाज चढवत नाही, म्हणून ओळखू येत नाही. पण बाईच्या अंगावर तो आयुष्यभराची खूण ठेवून जातो. आणि या बाईची जबाबदारी कुणीच घेत नाही. कारखाना म्हणतो मजूर मुकादमाचे, मुकादम म्हणतो मी मधला माणूस. उचल फेडण्यासाठी असे राबणे ही वेठबिगारीच, आणि ती प्रथा बंद करणारा कायदा १९७६चा आहे. जानेवारी २०२४मध्ये तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला, टनाला ३६६ रुपये झाला. त्यासाठी संप करावा लागला. दोघांनी दिवसभर झिजून दोन टनांच्या आसपास तोड होते, यावरून वाचकांनीच मजुरी काढावी.

आणि मराठी कलांनी या बाईकडे किती पाहिले? साखरेभोवतीचे राजकारण आपल्या पडद्याला चांगले ओळखीचे आहे. विजय तेंडुलकरांनी लिहिलेल्या, जब्बार पटेलांच्या ‘सामना’ने सत्तरच्या दशकात साखरसम्राट असा उभा केला, की निळू फुल्यांचा हिंदुराव पन्नास वर्षांनंतरही विसरता येत नाही. त्या चित्रपटाचे मोल मोठे आहे. पण त्यानंतर कारखाना, चेअरमन, निवडणूक, पाटलाचा वाडा हे सगळे शेकडो वेळा रंगवले गेले, आणि ज्या हातांनी तो ऊस तोडला ते मात्र कथेच्या मध्यभागी फारच थोड्या वेळा आले. मराठवाड्याची बोली आली ती बहुतेक गडी, शिपाई, भाबडा पाहुणा यांच्या तोंडी, प्रेक्षकांनी हसावे म्हणून. ज्या बोलीवर आपण वर्षानुवर्षे फक्त हसलो, त्या बोलीत कुणी पोट दुखतेय म्हणाले तर ते गंभीरपणे ऐकण्याची सवय आपल्याला लागलेलीच नाही. नाट्यगृहातला पूर्वग्रह आणि दवाखान्यातला पूर्वग्रह एकाच घरात वाढले आहेत.

याला उत्तर बाहेरून येत नाही, हे मराठी साहित्याचा इतिहास सांगतो. दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८मध्ये आले, लक्ष्मण मानेंचे ‘उपरा’ १९८०मध्ये, लक्ष्मण गायकवाडांचे ‘उचल्या’ त्यानंतर काही वर्षांनी. जे भोगत होते तेच लिहू लागले, तेव्हा पांढरपेशा वाचकाला मान खाली घालावी लागली. ऊसतोड बाईची तशी आत्मकथा कोण लिहिणार? तिची मुलगी ऐन शाळेच्या दिवसांत फडावर धाकट्या भावाला सांभाळते, वाढे गोळा करते. पट्टा पडून, म्हणजे हंगाम संपून, गावी येते तोवर परीक्षा तोंडावर असते, आणि चौथी-पाचवीनंतर ती पटावरून गळते. कवी मुकुंदराज आणि दासोपंत ज्या अंबाजोगाईचे, ती असलेल्या बीड जिल्ह्यातल्याच हजारो मुलींच्या हातून पाटी सुटते. आत्मकथा तिथेच, लिहिली जाण्याआधीच, बुडते.

बीडकडे पाहण्याची बाहेरची नजरही अशीच अपुरी आहे. डिसेंबर २०२४मध्ये जिल्ह्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची निर्घृण हत्या झाली आणि बीडचे नाव महाराष्ट्राच्या तोंडी बसले. तो संताप योग्यच होता. पण त्यानंतर पुण्या-मुंबईच्या गप्पांत बीड म्हणजे गुंडांचा जिल्हा एवढेच उरले. ज्या जिल्ह्याच्या घामावर राज्याचा साखर उद्योग उभा आहे, त्याच्याविषयी एवढेच माहीत असणे धोक्याचे आहे.

पुढचा हंगाम फार लांब नाही. सरकारकडे आमच्या मागण्या सरळ आहेत. टोळी गाव सोडण्याआधी प्रत्येक बाईची नोंद कारखान्याच्या नावावर झाली पाहिजे, म्हणजे अपघात, बाळंतपण आणि आजारपणाची जबाबदारी कुणाची हा वादच उरणार नाही. पाळीच्या आणि आजारपणाच्या दिवसाचा खाडा बेकायदा ठरवा आणि तो कापणाऱ्या मुकादमाचा करार रद्द करा. प्रत्येक फडाजवळ संडास आणि पाणी असल्याशिवाय गाळप परवाना देऊ नका. ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठीची हंगामी वसतिगृहे आणि संत भगवानबाबा वसतिगृहे टोळ्या निघण्याच्या आठवडाभर आधी सुरू झाली पाहिजेत. अनेकदा ती टोळ्या निघून गेल्यावर सुरू होतात. २०१९नंतर झालेल्या प्रत्येक शस्त्रक्रियेचे कारण आणि दवाखाना तपासून तो अहवाल जिल्ह्यासमोर ठेवा. आणि मराठवाडा साहित्य परिषदेसह जिल्ह्यातल्या नाट्यसंस्था व महाविद्यालयांना आमचे सांगणे आहे, की या डिसेंबरात एखादे शिबिर सभागृहात न घेता कोपीवर घ्या, तिथल्या पोरींच्या हातात वही द्या, आणि त्या जे लिहितील ते त्यांच्याच बोलीत, एक अक्षरही न सुधारता छापा.