नक्कल आणि निजस्वर

घरांतील मूल एखाद्या गवयाची हुबेहूब नक्कल करूं लागलें, कीं पाहुण्यांपुढें त्यास गावयास बसविण्याचा मोह कोणास आवरत नाहीं. अशा वेळीं प्रोफेसर बी. आर. देवधर यांचें स्मरण व्हावें. पंडित विष्णु दिगंबर पलुसकरांचे हे शिष्य स्वतः गायक; परंतु कंठसाधनेचा शास्त्रीय अभ्यास करून त्यांनीं अध्यापनाचा मार्ग धरिला व १९२५ सालीं मुंबईस संगीतशाळा काढिली. थोर गवयांच्या नकलेबद्दल नांवाजलेले बालगायक कुमार गंधर्व १९३६ च्या सुमारास त्यांजकडे आले. देवधरांनीं त्यांस एकाच घराण्यांत कोंडलें नाहीं. नाना घराण्यांचे गवई शाळेंत येत, त्यांचें गाणें शिष्याच्या कानीं पडे. अनुकरण करणाऱ्या त्या मुलामधून पुढें स्वतंत्र बुद्धीचा गायक घडला.

१९९० सालीं देवधर निवर्तले. त्यांचा धडा मात्र घरोघर उपयोगी आहे. मुलगा वयांत येतांना स्वरयंत्र वाढतें, आवाज फुटतो. तेव्हां वरच्या पट्टीचा आग्रह पालकांनीं धरूं नये. बेताचा षड्ज, थोडा रियाज व पुष्कळ श्रवण एवढें पुरे. आजच्या टाळ्यांसाठीं उद्यांचा गळा खर्चीं घालणें शहाणपणाचें नव्हे.